बर्फ खोटा, शेवट माहीत, तरी मावशी सोफ्यावरून हलेना

गेल्या डिसेंबरात मी तीन आठवडे न्यू जर्सीत, एडिसनला होते. मावसबहिणीचं बाळंतपण झालेलं आणि तिच्यासाठी मावशी ठाण्याहून येऊन राहिलेली. संध्याकाळी पाचलाच बाहेर काळोख. बाळ झोपलेलं. मावशी टीव्हीसमोर मेथीची जुडी घेऊन बसली होती.

पडद्यावर लाल कोटातली एक मुलगी बेकरीत शिरली. काचेवर दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात सजवलेलं झाड, आणि काउंटरमागे एक माणूस पालथा पडलेला. रक्ताचा थेंब नाही, केससुद्धा विस्कटलेले नाहीत. मुलीने तोंडावर हात ठेवला, जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्यावर तीच मुलगी पोलीस अधिकाऱ्यासोबत गरम कोको पीत होती.

"काल पण हाच होता," मावशी म्हणाली. "काल फक्त बेकरीच्या जागी फुलांचं दुकान होतं."

कालचा चित्रपट वेगळा होता, परवाचाही. पण मावशीची गल्लत समजण्यासारखी आहे. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आपल्याकडच्या किती तरी आयांना, सासवांना हा प्रश्न पडत असेल: हे लोक नाताळात रोज तोच सिनेमा का लावतात? आणि सणासुदीला खून कशाला?

हा प्रकार नेमका काय

हे चित्रपट थिएटरात लागत नाहीत. ते टीव्हीसाठीच लिहिलेले, टीव्हीसाठीच चित्रित केलेले असतात. गोष्ट नाताळाच्या आसपास घडते, गाव छोटं असतं आणि गावात एक कोडं पडतं. ते दोन तऱ्हांचं असतं. एकात खरोखर कुणीतरी मरतं. दुसऱ्यात मरत कुणीच नाही. जुन्या घराच्या भिंतीत एखादं पत्र सापडतं, नाही तर कुणीतरी गुपचूप गावातल्या गरजूंना पैसे पाठवत असतं, आणि हे कोण करतंय त्याचा शोध चालतो.

या घराण्याला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. चहाच्या किटलीवर घालायच्या लोकरी टोपड्यालाही तिकडे कोझीच म्हणतात, आणि दोन्हींचं काम एकच, ऊब टिकवणं. खून होतो तो पडद्याआड. शिवीगाळ नाही, शवविच्छेदन नाही. शोध घेणारा पोलीस नसतो, गावातलंच कुणीतरी असतं. बेकरीवाली, ग्रंथपाल, जुन्या वस्तूंची दुकानदारीण, वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याची संपादक, हे सगळे गुप्तहेर अमेरिकन टीव्हीवर खरोखर होऊन गेलेत.

पोलीस का नाही? पोलीस आला की बंदूक येते, प्रयोगशाळा, कोर्ट, शवागार येतं. खर्च वाढतो आणि ऊब जाते. बेकरीवालीला यातलं काही लागत नाही. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी दिवा उशिरापर्यंत जळतो, हे तिला आधीच ठाऊक असतं. वाड्याच्या चौकात बसून तांदूळ निवडणारी एखादी काकू आठवा. तिला फॉरेन्सिक अहवाल कशाला हवा?

भेटकार्डांची कंपनी यात कशी आली

या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव हॉलमार्क. १९१० साली जॉइस हॉल नावाचा किशोरवयीन मुलगा (हो, जॉइस हा मुलगा) पोस्टकार्डांची खोकी घेऊन कॅन्सस सिटीत उतरला आणि त्यातून भेटकार्डांची कंपनी उभी राहिली. २४ डिसेंबर १९५१ च्या रात्री एनबीसी वाहिनीवर एक संगीतनाट्य दाखवलं गेलं, अमेरिकेत खास टीव्हीसाठी रचलेलं पहिलंच. त्याची प्रायोजक हॉलमार्क होती. म्हणजे नाताळ, टीव्ही आणि कार्डवाले यांची सोयरीक सत्तर वर्षांहून जुनी आहे.

कंपनीच्या नावाची वाहिनी आली २००१ मध्ये. २००९ पासून तिने नाताळच्या चित्रपटांचा सलग हंगाम सुरू केला. २०१४ मध्ये जोडवाहिनीच्या नावातच 'मिस्टरीज' आलं, आणि २०२४ पासून ती सरळ 'हॉलमार्क मिस्टरी' झाली. हल्ली हा हंगाम ऑक्टोबरातच सुरू होतो. कधीकधी आपला दिवाळीचा फराळ व्हायचा असतो. अलीकडच्या काही हंगामांत या एकाच घरातून चाळीसच्या आसपास नवे चित्रपट निघाले. लाइफटाइमसारख्या वाहिन्यांचे वेगळे.

आता हिशेब बघा. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे अमेरिकेत खरेदीचे दिवस. जाहिरातदारांचा डोळा २५ ते ५४ वयाच्या स्त्रियांवर असतो, कारण घरातल्या भेटवस्तू बहुतेक त्याच घेतात, आणि याच दिवसांत त्या या वाहिनीवर असतात. शिवाय वाहिनीचं नाव आणि आईला पाठवायच्या कार्डामागचं नाव एकच. त्या नावाखाली कुणाचा गळा चिरलेला दाखवणं परवडेल का? पडद्यावर रक्त नसण्यात सुसंस्कृतपणा असेलही, पण दुकानदारी नक्की आहे.

नऊ टप्पे, आठ जाहिराती

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबू.

वाहिनीवर चित्रपटाला दोन तासांची जागा मिळते. त्यातली साधारण ८५ मिनिटं चित्रपटाला, बाकी जाहिरातींना. आपल्याकडे पटकथेत मध्यंतराला एक धक्का द्यायचा असतो. इथे पटकथाच नऊ टप्प्यांत लिहिली जाते आणि दोन टप्प्यांच्या मध्ये जाहिराती येतात. म्हणजे आठ मध्यंतरं! पहिला टप्पा सगळ्यात लांब, वीसेक मिनिटांचा, कारण प्रेक्षक आधी खुर्चीत बसवायचा असतो. पुढचे आखूड.

प्रत्येक टप्प्याच्या टोकाला एक छोटा खिळा ठोकलेला असतो. खिडकीबाहेर सावली दिसते, फोन मध्येच तुटतो, कुणाच्या तरी हातमोज्यावर तोच लाल रंग असतो. प्रेक्षकाने चॅनेल बदलू नये एवढंच त्या खिळ्याचं काम. प्रेमपटात हे कठीण जातं. दोघं एकमेकांकडे बघून बघून किती वेळा थबकणार? रहस्य असलं की दर दहा मिनिटांनी थबकायला कारण तयार. नाताळच्या गोड चित्रपटात रहस्य घुसलं त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

जाहिराती संपल्या की आणखी एक गोष्ट घडते. नायिका मैत्रिणीला म्हणते, "थांब, म्हणजे मालक सहा वाजता गेला आणि किल्ली तर पुतण्याकडे होती?" ही झाली उजळणी. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, प्रेक्षकाला हे मूर्ख समजतात. तसं नाही. प्रेक्षक आत जाऊन बाळाला बघून आलाय, कुकरची शिट्टी मोजून आलाय, भेटवस्तूंना कागद गुंडाळतोय. हा चित्रपट टक लावून बघणाऱ्यासाठी लिहिलेलाच नाही. तो अर्ध्या लक्षाने बघणाऱ्यासाठी आहे, आणि अर्ध्या लक्षालाही पुरेल असं रहस्य रचणं ही साधी कारागिरी नव्हे.

मावशीचे डोळे मेथीवर होते. तरी तिला किल्लीचं सगळं माहीत होतं.

संशयित चारच का असतात

चौथ्या टप्प्यातच मावशीने निकाल दिला, "तो वकील. त्यानेच केलंय."

"कशावरून?"

"इतका चांगला नट घेतलाय आणि त्याला नुसतं 'मेरी ख्रिसमस' म्हणायला लावतील होय?"

मावशीने नकळत चित्रपटाच्या हिशेबवहीत डोकावलं होतं. अशा चित्रपटाचा खर्च वीस लाख डॉलरच्या आसपास असतो असं सांगितलं जातं, आणि चित्रीकरण साधारण पंधरा दिवसांत उरकतात. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लर. तोंडाने संवाद बोलणाऱ्या नटाचा मोबदला मागे नुसत्या उभ्या राहणाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्यामुळे बोलणारी माणसं मोजकीच. त्यातून नायिका, नायक, नायिकेची आई, मैत्रीण आणि मेलेला माणूस वगळला की राहतात चार-पाच जण. त्यातला एक तुसडा असतो, सगळ्यांशी भांडणारा. तो कधीच खुनी नसतो, तो चकवा. कोकणात रानात वाटसरूला फिरवून फिरवून परत त्याच जागी आणतो ना, तोच. इंग्रजी रहस्यकथेत याला वेगळा शब्द आहे, पण आपला जास्त चपखल. उरलेल्यांत जो विनाकारण मदत करत फिरतो, त्याच्यावर नजर ठेवायची.

पण सणासुदीला खून कशाला?

हा आक्षेप रास्त वाटतो, पण तिकडची परंपरा पाहिली की गळून पडतो. नाताळ येतो वर्षातल्या सगळ्यात लांब रात्रींच्या तोंडावर. व्हिक्टोरियन इंग्लंडात शेकोटीभोवती बसून भुतांच्या गोष्टी सांगायची नाताळातच रीत होती, आणि मासिकं तशा गोष्टी नाताळ अंकांत छापत. जानेवारी १८९२ मध्ये शेरलॉक होम्सची एक नाताळकथा आली. त्यात चोरीला गेलेलं निळं रत्न नाताळच्या मेजवानीच्या हंसाच्या पोटात सापडतं. होम्स चोराला शोधून काढतो आणि सोडून देतो, कारण दिवस क्षमेचे आहेत. आज टीव्हीवर जो 'हृदयस्पर्शी' रहस्यपट दिसतो, त्याचं मूळ मला या हंसात दिसतं. कोडं सुटतं, पण शेवटी महत्त्व उरतं ते माणसाला वागवलं कसं याला.

रक्तसुद्धा होतं बरं का. १९३८ मध्ये अगाथा ख्रिस्तीने तिच्या पॉइरो या गुप्तहेराची नाताळ-कादंबरी लिहिली ती मेहुण्याच्या फर्माइशीवरून. त्याची तक्रार होती की तुझे खून फार सोवळे होत चाललेत, एकदा भरपूर रक्ताचा होऊ दे. बाईंनी अर्पणपत्रिकेत हे लिहून ठेवलंय. म्हणजे कादंबरीत नाताळाला रक्त चालत होतं. ते पुसलं टीव्हीने.

आणि आपण तरी काय करतो? १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून लाडू-चिवड्याबरोबर वाचन आपल्याकडे ठरलेलं. 'धनंजय', 'नवल'सारखे दिवाळी अंक तर रहस्य-गूढकथांसाठीच हातोहात जायचे. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून दुपारी पलंगावर पडल्या पडल्या खुनाची गोष्ट वाचणाऱ्या घरात मी वाढले. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खून नसलेलं रहस्य

मला स्वतःला दुसरी तऱ्हा जास्त आवडते. उदाहरण द्यायचं तर 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड' ही मालिका आणि तिच्यापुढे निघालेले चित्रपट. डेन्व्हरच्या टपाल कचेरीतले चार कर्मचारी पत्ता न लागलेली पत्रं हाताळतात. अर्धवट पत्ता, पुसट शिक्का, एवढ्यावरून माणूस शोधायचा. २०१४ च्या त्यांच्या नाताळ-चित्रपटात पत्र येतं ते सांताक्लॉजला नव्हे, थेट देवाला लिहिलेलं. आता याचा पत्ता कुठे शोधणार?

ही कल्पना हवेतून आलेली नाही. अमेरिकेत मुलं सांताला पत्रं लिहितात आणि ती पोस्टात येऊन पडतात. १९१२ मध्ये तिकडच्या पोस्टमास्टर जनरलनी कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना ती उघडून उत्तरं द्यायची परवानगी दिली. तो उपक्रम आजही चालू आहे. इथे चकव्याची गरज नाही, कुणाला बेड्या पडत नाहीत, तरी पत्र पोचेल की नाही या काळजीने माणूस जाहिराती सहन करतो.

ते गाव आहे कुठे?

बहुधा कॅनडात. गोष्टीत व्हरमाँट नाही तर कोलोरॅडो म्हणतात, पण चौक, पूल, चर्च असतं ब्रिटिश कोलंबियातलं, व्हँकुव्हरच्या आसपासचं. फोर्ट लँगलीच्या रस्त्याने किती अमेरिकन गावांचं सोंग घेतलं असेल याची गणती नाही. कॅनडाचा डॉलर स्वस्त, चित्रीकरणाला करात सवलत आणि घड्याळ लॉस एंजेलिसचंच.

चित्रीकरण बरेचदा उन्हाळ्यात होतं. नट जुलैच्या उन्हात लोकरी कोट घालून घाम पुसत असतात आणि कॅमेरा सुरू झाला की थंडीने हात चोळतात. जमिनीवर गोधडीच्या आतल्यासारख्या पांढऱ्या कापसाच्या पट्ट्या अंथरतात, वर कागदाचा चुरा किंवा फेस. एकदा हे कळलं की डोळ्यांना चटक लागते. फुटपाथवर बर्फ, मागच्या झाडाला हिरवीगार पानं. हातात कॉफीचे कप, पण कप असे हलतात की आत काही नाही हे लहान पोरालाही कळावं.

खोट्या बर्फाची वंशावळही मोठी आहे. १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चं चित्रीकरण ऐन उन्हाळ्यात चाललेलं. तोवर बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे. पायाखाली ते असे कुरकुरायचे की संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. या चित्रपटात आग विझवायचा फेस साबणपाण्यात मिसळून निःशब्द बर्फ पाडला. पण त्याची खरी गोष्ट पुढची. थिएटरात तो फारसा चालला नाही. १९७४ मध्ये मालकी हक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि स्थानिक टीव्ही केंद्रांना तो जवळपास फुकट मिळाला. दर डिसेंबरला सगळ्यांनी लावला, पुन्हा पुन्हा लावला, आणि पडलेल्या चित्रपटाचा अमेरिकेतला सर्वात लाडका नाताळ-चित्रपट झाला. टीव्हीवाल्यांना त्यातून धडा मिळाला: नाताळात लोकांना नवं नको असतं, ओळखीचं हवं असतं.

सगळे एकसारखे असतात, त्याचं काय?

असतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सत्यनारायणाच्या पूजेला आपण साधुवाण्याच्या गोष्टीचा शेवट कळावा म्हणून बसत नाही. नाव बुडणार, पाण्यावर येणार, प्रसाद टाकून गेलेल्या कलावतीला परत जावं लागणार, सगळं पाठ असतं. तरी गुरुजींनी एक अध्याय गाळला तर कुणीतरी काकू लगेच हटकतात.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. या गावांत वर्षानुवर्षं सगळे गोरे, सगळे ख्रिस्ती, सगळी जोडपी स्त्री-पुरुषांची. शहर वाईट, गाव चांगलं. नोकरी वाईट, घर चांगलं. ही टीका खरी आहे, आणि तिचा स्फोट झाला डिसेंबर २०१९ मध्ये. दोन स्त्रियांच्या लग्नाची जाहिरात हॉलमार्कने काढून टाकली, गदारोळ झाल्यावर माफी मागून ती पुन्हा दाखवायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात हॉलमार्कच्या वाहिन्यांचे प्रमुख बिल अ‍ॅबट बाहेर पडले. त्यांनी नंतर दुसऱ्या वाहिनीची सूत्रं घेतली, आणि २०२२ मध्ये अभिनेत्री कँडेस कॅमरॉन ब्युरे तिकडे गेली. ही हॉलमार्कच्या रहस्यपटांतली अरोरा टीगार्डन, ग्रंथपाल गुप्तहेर. २०२३ मध्ये तरुणपणीची अरोरा म्हणून दुसरी अभिनेत्री उभी राहिली. हॉलमार्कच्या पडद्यावर आता समलिंगी जोडपी दिसतात, कृष्णवर्णीय नायिका दिसतात. गावाचा चौक मात्र तोच.

शहर वाईट आणि गाव चांगलं, याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. नायिका मोठी नोकरी सोडून गावी परतते ते पाहून मला चीड येते. मुलीने सगळं का सोडायचं? पण त्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसलेली बाई वेगळंच काहीतरी पाहत होती.

शेवटचा टप्पा लागला. वकीलच निघाला. त्याला पकडलं, त्याने फारसा विरोधही केला नाही. मग गावचं झाड उजळलं, आणि नायिका आईला म्हणाली, मी आता परत जात नाही, इथेच राहते. आईने तिला मिठी मारली. वरून कागदाचा बर्फ पडू लागला.

मावशीचे हात थांबले होते. वरच्या मजल्यावर बाळ रडायला लागलं, मावसबहिणीचा ऑफिसच्या कॉलवर बोलण्याचा आवाज चालूच होता. मावशीने देठं पिशवीत भरली, मेथीचं भांडं माझ्या हातात दिलं आणि जिन्याकडे निघाली.

"सातचा लागला की हाक मार," म्हणाली. "त्याच्यात मेंढपाळाचा पुतळा चोरीला जातो म्हणे."